अण्णांच्या बधिर पायांसाठी डॉक्टर कसा शोधायचा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अण्णा 66 वर्षांचे, कोरेगाव तालुक्यात शेती, 15 वर्षांपासून साखर. दोन वर्षांपासून तळपाय बधिर आहेत, रात्री आग होते, आणि चालताना चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही. पुण्यात कोणीतरी 'चांगला पोडियाट्रिस्ट (म्हणजे खास पायांचा डॉक्टर) बघा' असं सांगितलं. साताऱ्यात त्या पाटीचं कोणी सापडेना. तेव्हा दर वेळी पुण्याला न्यायचं का, आणि डॉक्टर चांगला आहे हे ओळखायचं कशावरून, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगलीत सर्जन आहे. गेली पंचवीसेक वर्षं माझ्या ओपीडीत पायांचेच पेशंट जास्त. 'चप्पल निसटली तरी कळत नाही' हे वाक्य पेशंटच्या तोंडून आलं की माझं अर्धं निदान झालेलं असतं. कुणी 'कापसावर चालल्यासारखं वाटतं' म्हणतं, कुणी 'पाय माझा नाहीच असं वाटतं' म्हणतं. पण चपलेचं वाक्य सगळ्यात पक्कं, कारण ते पेशंटला कुणी सुचवलेलं नसतं.

आधी पाटीचा प्रश्न. अमेरिकेत पोडियाट्रीचं चार वर्षांचं वेगळं शिक्षण आहे, त्यानंतर रुग्णालयातला अनुभव. आपल्याकडे ती शाखा तशी रुजलेली नाही. इथे पाय बघतात ते जनरल सर्जन, मधुमेहाचे फिजिशियन, हाडांचे डॉक्टर, प्लास्टिक सर्जन, रक्तवाहिन्यांचे सर्जन. त्यांच्यातल्याच ज्यांना पायात रस वाटला त्यांनी फेलोशिप केली, कुठे मोठ्या युनिटमध्ये राहून शिकले, किंवा वर्षानुवर्षं जखमा बघून हात बसवला. त्यामुळे साताऱ्यात 'पोडियाट्रिस्ट' शब्द सापडला नाही म्हणजे माणूसच नाही, असं समजू नका. उलट तो शब्द मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो आणि आत नखं साफ करून महागडी इनसोल विकण्यापलीकडे काही होत नाही, अशाही जागा मी पाहिल्यात.

म्हणून विचारताना 'पोडियाट्रिस्ट कुठे आहे' असं विचारू नका, 'साखरेच्या पेशंटचे पाय कोण बघतं' असं विचारा. आणि योग्य माणसाला विचारा. अण्णांच्या साखरेच्या डॉक्टरांना विचाराच. पण त्याहून पक्की माहिती ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर-ब्रदरकडे असते, आणि सगळ्यात पक्की डायलिसिस युनिटमध्ये. किडनी गेलेल्या मधुमेही पेशंटचे पाय सगळ्यात नाजूक असतात, ते आठवड्यातून दोन-तीनदा तिथे चार-चार तास पडून असतात. कोणत्या डॉक्टरांकडे गेलेल्याची बोटं वाचली आणि कोणाकडे गेलेल्याचा पाय गुडघ्याखालून गेला, हे तिथल्या टेक्निशियनला तोंडपाठ असतं. सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठेही डायलिसिस युनिट गाठा आणि शांतपणे विचारा. दोन-तीन ठिकाणी एकच नाव निघालं की तिथे जा.

पण जायचं कधी? इथेच बहुतेक घरं चुकतात. माणूस दवाखान्यात जातो तो दुखतं म्हणून. दाढ दुखली, पोट दुखलं, की पाय आपोआप दवाखान्याकडे वळतात. अण्णांच्या पायात ही हाक मारणारी नसच मेलेली आहे. 'काही झालं तर बघू' हे त्यांच्या बाबतीत चालणार नाही, कारण झालेलं त्यांना कळणारच नाही. उसाचं धसकट तळव्यात घुसलेलं घेऊन माणूस दोन दिवस पाणी पाजत फिरतो आणि तिसऱ्या दिवशी मोज्यावर डाग दिसला म्हणून बायको त्याला घेऊन येते. हे मी दर हंगामात बघतो. त्यामुळे डॉक्टर शोधायचा तो पाय धड असताना, आणि जायचं ते दुखण्यावर नाही तर तारखेवर. फक्त बधिरपणा असेल तर सहा महिने ते वर्षाने एकदा. बधिरपणाच्या जोडीला बोटं वाकडी झालेली असतील किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. पूर्वी जखम होऊन गेली असेल, बोट काढलेलं असेल किंवा किडनी गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी. मधुमेही पायांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलेलं हे वेळापत्रक आहे. ज्या डॉक्टरने पाय बघून 'तुम्ही या गटात बसता, पुढच्या अमुक महिन्यात या' असं सांगितलं, त्याला हे काम येतं असं समजा.

आता पहिल्या भेटीत काय व्हायला हवं ते सांगतो. त्यावरून तुम्हाला दहा मिनिटांत कळेल.

चांगला डॉक्टर दोन्ही पाय उघडे करायला लावतो. ज्या पायाची तक्रार आहे तोच नाही, दोन्ही. खुर्चीवर बसल्या बसल्या धोतर वर करून नाही, तर टेबलावर झोपवून. मग बोटांच्या बेचक्या उघडून बघतो. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात राबणाऱ्यांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि जंतू तिथूनच आत शिरतात. टाचांच्या भेगा बघतो. भोवऱ्या दाबून बघतो. भोवरीखाली काळसर-तांबूस डाग असेल तर आत रक्त साकळलंय, म्हणजे जखम तयार होतेय, फक्त अजून तोंड फुटलेलं नाही.

मग तो एक नायलॉनचा धागा काढतो, झाडूच्या काडीसारखा ताठ दिसणारा. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. त्वचेवर टेकवून दाबला की बरोबर 10 ग्रॅमच्या दाबाला तो धनुष्यासारखा वाकतो. इथे डॉक्टरच्या पद्धतीकडे नीट लक्ष द्या. जाणकार माणूस धागा आधी अण्णांच्या हाताला किंवा कपाळाला लावून दाखवेल, म्हणजे 'लागणं' कसं असतं ते त्यांना कळेल. मग डोळे मिटायला सांगेल आणि म्हणेल, 'लागलं की हो म्हणा.' तळव्यावर अंगठ्याच्या टोकाला, बोटांच्या मुळाशी, अशा ठिकाणी क्रम न ठेवता टेकवेल. मधेच एखाद्या वेळी न टेकवता नुसता विचारेल. भोवरीवर टेकवणार नाही, कारण तिथे धड पायालाही कमी कळतं. याउलट अण्णा डोळे उघडे ठेवून बघतायत आणि डॉक्टर विचारतोय, 'लागतंय ना?' तर अण्णा 'लागतंय की' असंच म्हणणार. आपली माणसं डॉक्टरला नाही म्हणत नाहीत. 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा दुबेळका, अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपन कळतं का हेही तो बघेल. काही ठिकाणी बायोथेसिओमीटर असतो, त्यात कंपनाचा आकडा व्होल्टमध्ये मिळतो. 25 व्होल्टच्या पुढे गेलेला पाय धोक्यात. यंत्र असलं तर चांगलंच, पण ते नाही म्हणून डॉक्टर कमी ठरत नाही. धागा, फोर्क आणि बोटं यांवर काम होतं.

त्यानंतर नाडी. पावलाच्या वरच्या बाजूला एक आणि आतल्या घोट्याच्या मागे एक, अशा दोन नाड्या बोटांनी चाचपल्या पाहिजेत. शंका आली तर छोटा डॉपलर (रक्त वाहतानाचा आवाज ऐकवणारं यंत्र) लावून घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. 0.9 च्या खाली आलं तर रक्त कमी पोचतंय. मात्र जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्या चुन्यासारख्या कडक झाल्या की आकडा 1.3 च्या वर जातो आणि सगळं छान आहे असा भास होतो. अशा वेळी अंगठ्यातला दाब मोजावा लागतो. हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण बधिरपणा आणि रक्तपुरवठा ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि 'नसा दबल्यात' या एका शब्दात दोन्ही गुंडाळली जातात. रक्तपुरवठा न तपासता कुणी बोट कापायची भाषा केली, तर तिथून उठा आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं मत घ्या.

आणखी एक. बधिरपणा साखरेचाच आहे हे गृहीत धरणारा डॉक्टर थोडा घाईत आहे. साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-12 कमी होतं, त्यातून माणूस शाकाहारी माळकरी असेल तर अधिकच. दारू, थायरॉइड, किडनी, क्षयरोगाची आयसोनियाझिड गोळी, केमोथेरपीची काही औषधं, यांनीही नसा जातात. आणि कुष्ठरोग आपल्या भागातून संपलेला नाही. कोपराच्या मागे आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस जाड लागते का, अंगावर न कळणारा चट्टा आहे का, हे बघायला अर्धं मिनिट लागतं. ज्याने ते बघितलं त्याच्याबद्दल माझा आदर वाढतो.

बधिर पायाचं शास्त्रच मुळात आपल्याला कुष्ठरोगाने शिकवलं. 1946 मध्ये पॉल ब्रँड नावाचे सर्जन वेल्लोरला आले. जन्म तमिळनाडूच्या कोल्ली टेकड्यांतला. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने सडून गळतात असाच तेव्हा समज होता. त्यांनी दाखवून दिलं की मांस सडत नाही, दुखणं कळत नाही म्हणून पुन्हा पुन्हा इजा होते आणि त्यातून बोटं जातात. तळव्याच्या जखमेवर मलमं बदलत बसण्यापेक्षा प्लास्टर घालून भार काढला की ती भरते, हे त्या कामातून पक्कं झालं. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची मऊ चप्पलही कुष्ठरोगाच्या कामातूनच देशभर पसरली. आमच्या मिरजेला कुष्ठरोगाच्या कामाची जुनी परंपरा आहे, आणि अशा संस्थांमधल्या चांभारकाम करणाऱ्या माणसांना बधिर पायाची चप्पल जितकी कळते तितकी शहरातल्या भल्याभल्या दुकानांना कळत नाही. मधुमेही पेशंटला तिथे जायला लाज वाटते. वाटू देऊ नका. पाय तसाच, धोका तसाच, चप्पलही तीच.

चपलेवरून माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसची पहिली काही वर्षं. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर जखम घेऊन आले. मी साफ केली, ड्रेसिंग केलं, साखर आणली खाली, जखम भरली. दोन महिन्यांनी पुन्हा तिथेच. पुन्हा भरली, पुन्हा झाली. तिसऱ्या खेपेला मी हाडात जंतू आहेत का म्हणून एक्स-रे काढायच्या तयारीत होतो. तेव्हा दवाखान्याबाहेरून चपला चोरीला जायच्या, म्हणून त्यांच्या मंडळींनी त्यांची चप्पल पिशवीत घालून आत आणली होती. पिशवी ठेवताना चप्पल बाहेर पडली. मी सहज उचलली, आत हात फिरवला आणि बोटाला टोचलं. बागेतल्या मांडवाच्या तारेचा तुकडा खालून घुसून वाकला होता. त्याचं टोक आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं वर आलेलं, बरोबर जखमेच्या जागी. पाच महिने तो माणूस त्याच्यावर चालत होता आणि पाच महिने मी वरून मलम लावत होतो.

आपल्याकडे पेशंट चपला दाराबाहेर काढून आत येतो, आणि डॉक्टरला पाय दिसतो पण पाय ज्यात राहतो ते दिसतच नाही. त्या दिवसापासून माझ्याकडे चपला आत येतात. तुमच्या डॉक्टरने चप्पल मागितली नाही तर तुम्ही स्वतःहून दाखवा. त्याने ती हातात घेतली, आत हात घालून बघितली, तळ कुठे झिजलाय ते बघितलं, तर माणूस कामाचा आहे.

चप्पल घेताना अण्णांना 'बरोबर बसतेय का' असं विचारून घेऊ नका. बधिर पायाला घट्ट चप्पलच बरी वाटते, कारण तेवढीच पायात असल्याचं कळतं. कागदावर त्यांना उभं करून पायाचा आकार काढून घ्या, तो घेऊन संध्याकाळी खरेदीला जा, कारण संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो. सगळ्यात लांब बोटापुढे बोटभर जागा हवी. आतून मऊ, खालून टणक, मागे पट्टा, पुढे रुंद, बंद वेलक्रोचे. अंगठ्यात अडकवायची चप्पल नको, कारण ती निसटू नये म्हणून बोटं सतत आवळली जातात आणि अंगठ्याच्या बेचक्यात घासतं. कोल्हापुरी चप्पल आपल्याकडे मानाची, लग्नकार्यात घडीभर घालायला माझी ना नाही, पण रोज शेतात नको. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच, मग काढून पाय लाल झालाय का ते बघायचं.

फोन करून आधीच विचारून घ्यायच्या काही गोष्टी आहेत. जखम नसताना नुसता पाय तपासता का? भोवऱ्या दवाखान्यात ब्लेडने तासून काढता का? तळव्याला जखम झाली तर भार काढण्यासाठी टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (पायाला बेतून घातलेलं प्लास्टर) किंवा तसं काही घालता का? आणि अचानक पाय सुजला तर त्याच दिवशी बघाल का, की तीन दिवसांनी नंबर मिळेल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्हणूनच दर वेळी पुण्याला नेण्याच्या मी विरुद्ध आहे. सातारा-पुणे शंभर-सव्वाशे किलोमीटर. बधिर पायात जंतू पसरायला लागले की तासांचा हिशोब असतो. साताऱ्यात किंवा कराडला त्याच दिवशी बघणारा साधा, मन लावून काम करणारा सर्जन हाताशी असणं, हे पुण्यातल्या नामवंतांच्या महिन्याभरानंतरच्या अपॉइंटमेंटपेक्षा मोलाचं. रक्तवाहिनी उघडायची वेळ आली किंवा अवघड शस्त्रक्रिया निघाली तर पुणे आहेच, आणि चांगला डॉक्टर तिथे स्वतःच पाठवतो. पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालय आणि मेडिकल कॉलेजच्या सर्जरी ओपीडीत जायला कचरू नका. सरकारी आरोग्य योजनेतून काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

कुणाकडे जाऊ नये, तेही थोडक्यात. 'बधिरपणा पूर्ण घालवतो' म्हणणारा, नसा उघडायचं यंत्र विकणारा, पाय न बघता पाच प्रकारच्या ताकदीच्या गोळ्या लिहिणारा. रात्रीची आग कमी करायला प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटीन, अमिट्रिप्टिलीन अशी औषधं आहेत आणि त्यांचा चांगला उपयोग होतो, अण्णांना झोप लागेल. पण आग थांबली म्हणजे जाणीव परत आली असं नाही. हे ज्याने तोंडाने स्पष्ट सांगितलं तो प्रामाणिक.

अण्णा वारकरी आहेत असं तुम्ही लिहिलंय. माऊलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणवरून जाते, त्यांचं गाव जवळच. कुणी डॉक्टर नुसतं 'वारी बंद' म्हणाला तर अण्णा त्याच्याकडे परत जाणार नाहीत, आणि मग पायच बघितला जाणार नाही. मी माझ्या वारकऱ्यांना विचारतो की किती टप्पे चालणार, चप्पल कोणती, मुक्कामी पाय कोण बघणार. दोन जोड चपला, कोरडे मोजे, दर मुक्कामाला दिंडीतल्या एका माणसाने बॅटरीच्या उजेडात तळवे बघायचे, खरचटलं दिसलं की पुढचा टप्पा गाडीने. अनवाणी मात्र नाही, चैत्रात शिखर शिंगणापूरच्या तापल्या दगडांवर तर मुळीच नाही. पाय भाजून फोड आलेले कळलेच नाहीत असे पेशंट त्या दिवसांत हमखास येतात. तसंच शेक. रात्री आग होते म्हणून कुणी गरम पाण्यात पाय बुडवतं, कुणी शेकोटीजवळ धरतं. पाणी आधी दुसऱ्याने कोपराने तपासायचं. भोवरीवर कॉर्न कॅप लावायची नाही, त्यातलं ॲसिड भोवरीबरोबर चामडीही खातं.

एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला दिसला, जखम नाही, फारसं दुखतही नाही, तर 'मुरगळला असेल' म्हणून सोडू नका. याला शार्को म्हणतात. आत हाडं ठिसूळ होऊन मोडत असतात आणि सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. त्यावर चालत राहिलं तर पावलाची कमान खचून तळवा बोटीच्या बुडासारखा फुगतो आणि मग आयुष्यभर तिथे जखमा. त्या दिवसापासून भार बंद, त्याच दिवशी डॉक्टर. काळं पडलं, पू आला, ताप आला, साखर कारण नसताना चढली, तरी तेच.

येत्या रविवारी गावी जाल तेव्हा एक तपासणी तुम्हीच करा. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या रुग्णालयात निघालेली आहे, साहित्य काही लागत नाही. अण्णांना झोपवा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला हलकेच एक-दोन सेकंद टेकवा, आधी एका पायाला मग दुसऱ्या. दाबायचं नाही, टोचायचं नाही. कळलं की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर इजा कळवणारी संरक्षक जाणीव गेली असं धरा, आणि किती व कुठे ते कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरकडे जाताना तो कागद, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि अण्णांची शेतातली व घरातली अशा दोन्ही चपला पिशवीत घालून न्या. न धुता.